खाऊन झाल्यावर पुडा कुठे जातो?

मंडळी, बाजारातून आपण शेव आणतो, दूध आणतो, मीठ-मसाला आणतो. शेव घरी येते ती पिशवीतून. दूध येते तेही पिशवीतूनच. शेव पाच मिनिटांत संपते. दुधाचा चहा होतो. मग हातात काय उरते? रिकामी पिशवी. ती आपण दाराबाहेर टाकतो आणि विसरून जातो.

पण ती पिशवी पुढे कुठे जाते? तीस-पस्तीस वर्षे मुलांना शिकवूनही हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. एका गाईने मला तो विचारायला लावला. ती हकिकत आधी सांगतो.

मावशींची गाय

२०१६ सालची गोष्ट. आमच्या गावात हरिनाम सप्ताह होता. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि मग महाप्रसाद. मी शाळेचा मुख्याध्यापक, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे होती.

दरवर्षी आम्ही पत्रावळी आणीत असू. त्या वर्षी एक जण म्हणाला, "गुरुजी, पत्रावळीतून आमटी गळते. औंदा थर्माकोलची ताटे आणू. स्वस्त पडतात आणि दिसतातही झकास." मी होय म्हटले. बाराशे ताटे आली, बाराशे पेले आले. उरलेली बुंदी लोकांना घरी न्यायला पातळ पिशव्याही आणल्या.

पंगती उठल्या. ताटे, पेले, पिशव्या सगळे ओढ्याकाठच्या उकिरड्यावर जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या कामाला लागला.

आमच्या आळीत एक मावशी राहत. नवरा वारलेला, मुलगा परगावी कामाला, घरात दोन नातवंडे. एका गाईच्या दुधावर त्यांचे घर चाले. सप्ताह संपल्यावर आठवडाभराने मावशी माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, गाय खाईना. रवंथ करीना. पोट फुगलंय. जनावरांच्या डाक्टरला फोन लावता का?"

डॉक्टर आले. त्यांनी गाईच्या डाव्या कुशीवर हात दाबून पाहिला आणि मान हलवली. मग औषध टोचून कूस बधिर केली आणि पोट उघडले. आतून पिशव्या निघू लागल्या. एकीत एक गुंतलेल्या, पीळ पडलेल्या. त्यांत सुतळ्या होत्या, एक खिळाही होता. बघता बघता घमेले भरले.

डॉक्टर म्हणाले, "हे एका दिवसाचे नव्हे. दोन-तीन वर्षांचे साठले आहे." खरे होते. पण वरच्या काही पिशव्या नव्या होत्या. त्यांना गाठी मारलेल्या होत्या आणि आत बुंदीचा पिवळा लगदा होता. त्या पिशव्या मी ओळखल्या. त्यांची पावती माझ्या वहीत होती.

गाय अशक्त झाली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. मावशींनी मला दोष दिला नाही. "तुमी काय मुद्दाम केलं का, गुरुजी," एवढेच त्या म्हणाल्या. पण त्यांची दोन्ही नातवंडे माझ्याच शाळेत होती. त्यांचे दूध बंद झाले हे मला ठाऊक होते.

गाईच्या पोटात काय होते?

गाय मूर्ख म्हणून पिशवी खाते असे नाही. गाय चारा खाताना नीट चावत नाही. भराभर गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. पिशवीत उरलेल्या भाजीचा, भाताचा, मिठाचा वास तिला येतो. गाठ मारलेली पिशवी तिला सोडता येत नाही. म्हणून ती पिशवीसकट अन्न गिळते.

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा फार मोठा, पिंपासारखा. त्यात बारीक जीव असतात. डोळ्यांना न दिसणारे. ते गवत आणि कडबा कुजवतात, म्हणून गाईला ताकद मिळते. पण या जीवांना प्लास्टिक कुजवता येत नाही. पिशवी तिथेच राहते. दुसरी येते, तिसरी येते. त्यांचा गुंता होऊन गोळा बनतो. मोकाट गाईंच्या पोटातून वीस-वीस, तीस-तीस किलो प्लास्टिक निघाले आहे.

मग चाऱ्याला जागा उरत नाही. गाईला पोट भरल्यासारखे वाटते. ती खात नाही आणि भरल्या पोटी उपाशी मरते.

जे गाईच्या पोटात होते, तेच जमिनीच्या पोटात होते. मातीतही असेच बारीक जीव असतात. पान, काडी, कागद, शेण ते खाऊन टाकतात. त्याचे खत होते. प्लास्टिक मात्र तसेच पडून राहते. उन्हाने त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचा भुगा होतो, पण माती होत नाही. तो भुगा आता शेतात, नदीत, माशांत, अगदी मिठातही सापडतो.

वेष्टन कशाला हवे?

वस्तूभोवती जे आवरण असते त्याला वेष्टन म्हणतात. पुडा, पिशवी, डबा, बाटली, खोके ही सगळी वेष्टनेच.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मग वेष्टन नकोच." तसे नाही. वेष्टनाला काम आहे. त्याने माशी, धूळ, ओल अन्नापासून दूर राहते. बिस्किटे मऊ पडत नाहीत. आंबा प्रवासात ठेचत नाही. दुधाच्या बंद पिशवीत वाटेत कोणी सहजासहजी पाणी घालू शकत नाही. अन्न नासले तर शेतकऱ्याचे कष्ट, पाणी, खत सगळेच वाया जाते. तेव्हा अन्न सांभाळणारे वेष्टन हवेच.

प्रश्न एवढाच की, काम झाल्यावर त्या वेष्टनाचे काय होणार?

आपल्या आजोबांच्या काळी या प्रश्नाला उत्तर होते. वाणी कागदाची पुडी बांधी. धान्याला गोणपाट, गुळाला फडके, तेलाला घरची बरणी. फळांना करंडी. कोकणातला आंबा लाकडी पेटीत, गवतावर बसून जाई. जेवायला कुठे केळीचे पान, कुठे पळसाची पत्रावळ. यांतले काही पुन्हा वापरात येई, काही चुलीत जाई आणि बाकीचे उकिरड्यात कुजून खत होई. कचरा असा फारसा उरतच नसे.

शहरातही अशी सोय होती. मुंबईजवळ आरे येथे १९४९ साली दुग्धवसाहत सुरू झाली. तिचे दूध काचेच्या बाटल्यांतून मिळे. माझे काका मुंबईत गिरणीत होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याकडे जाई. पहाटे काकूंच्या मागोमाग रिकाम्या बाटल्या घेऊन दूधकेंद्रावर रांगेत उभा राही. रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जात. बाटली कोणी रस्त्यावर टाकीत नसे, कारण ती दिल्याशिवाय दुसरी मिळत नसे.

मग प्लास्टिक आले. १९३३ साली इंग्लंडमध्ये एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत पॉलिथीन नावाचे प्लास्टिक प्रथम तयार झाले. तेही ठरवून नव्हे. वायूवर प्रचंड दाब देऊन पाहताना मेणासारखा पांढरा पदार्थ हाती लागला. तो हलका, स्वस्त, न गळणारा आणि न कुजणारा होता. 'न कुजणारा' हा त्याचा गुण म्हणूनच लोकांनी त्याला उचलून धरले. आज तोच गुण आपल्या अंगाशी आला आहे.

सगळे प्लास्टिक सारखे नसते

हे नीट समजून घ्या, कारण पुढचे सारे यावरच अवलंबून आहे.

दुधाची पिशवी बघा. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. स्वच्छ धुऊन, वाळवून साठवली तर भंगारवाला ती घेतो. ती वितळवून तिचे पाइप, बादल्या अशा वस्तू करता येतात. पाण्याची बाटली, तेलाचा कॅन यांचेही तसेच आहे. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो. तो प्लास्टिकची जात सांगतो. पाण्याच्या बाटलीवर बहुधा १ हा आकडा दिसेल.

आता वेफर्सचे पाकीट बघा. बाहेरून रंगीत, आतून चंदेरी. त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. थरांमुळे वेफर्स कुरकुरीत राहतात हे खरे. पण हे थर सहज सुटे होत नाहीत. म्हणून भंगारवाला ते घेत नाही. गुटखा, शांपू यांच्या पुड्यांचेही तेच. अशी पाकिटे कोणी गोळा केलीच, तर ती सिमेंटच्या कारखान्यातील प्रखर भट्टीत जाळण्यासाठी पाठवता येतात. पण गोळा कोण करतो? बहुतेक गटारात आणि ओढ्यातच जातात.

थर्माकोल तर जवळजवळ सगळी हवाच. गाडीभर थर्माकोलचे वजन मूठभर. वाहतुकीचा खर्चही निघत नाही, म्हणून तेही कोणी घेत नाही.

आणि कागदी कप? तो कागदाचा आहे असे आपण समजतो. एक प्रयोग करा. कागदी कप रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. सकाळी कागदाचा लगदा झालेला असेल आणि आतून पातळ पापुद्रा सुटून येईल. तो पापुद्रा प्लास्टिकचा. चहा झिरपू नये म्हणून लावलेला. चंदेरी द्रोणांचे आणि चकचकीत कागदी ताटांचेही बहुधा असेच असते. दिसते कागद, आत प्लास्टिक.

जाळून टाकले तर?

पुष्कळ जण सकाळी अंगणात कचरा पेटवतात. त्यांना वाटते, कटकट गेली. ती जात नाही, नाकात शिरते. प्लास्टिकचा धूर विषारी असतो. अर्धवट जळताना त्यातून फार घातक वायू निघतात. चुलीत प्लास्टिक घालून विस्तव पेटवणे तर आणखी वाईट. तो धूर घरातल्या बाईला आणि लेकराला आधी बाधतो. म्हणून प्लास्टिक कधीही जाळू नये.

मग करावे काय?

घरी तीन ठिकाणे करा.

पहिले ठिकाण मातीचे. भाजीची देठे, साली, पत्रावळी, केळीची पाने, राख, साधा कागद हे सगळे खतासाठी. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी खताची एक चांगली पद्धत बसवली. त्यांच्या नावावरून तिला 'नाडेप' म्हणतात. जमिनीवर विटांचे टाके बांधायचे. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत हवेसाठी भोके ठेवायची. आत काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर माती असे थर द्यायचे. वरून मातीने लिंपायचे आणि ओल ठेवायची. तीन-चार महिन्यांत काळेभोर खत मिळते. थोड्या शेणात पुष्कळ खत होते, हा याचा फायदा. मात्र टाक्यात प्लास्टिकचा तुकडाही जाता कामा नये.

दुसरे ठिकाण भंगाराचे. एक पोते खुंटीला अडकवा. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, डबे धुऊन वाळवून त्यात टाका. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. चीर द्या आणि कोपरा पिशवीलाच राहू द्या. तो इवलासा तुकडा सुटला की कोणाच्या हाती लागत नाही आणि मातीत जातो.

तिसरे ठिकाण कोणी न घेणाऱ्या वस्तूंचे. चंदेरी पाकिटे इथे साठवा. ती ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत सुकी द्या. गावात गाडी येत नसेल तर ग्रामसभेत विचारा. गावचा कचरा हे पंचायतीचे काम आहे. ते मागायला लाजू नका. आणि हे तिसरे पोते लवकर भरत असेल, तर आपण काय विकत घेतो याचा विचार करा.

अन्न विकणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी काही जण स्वतः अन्नाचा धंदा करतात. कोणाची वडापावची गाडी आहे, कोणाचा पापड-मसाल्याचा बचत गट आहे. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

वर्तमानपत्रात वडा, भजी बांधू नका. छपाईची शाई गरम तेलाने सुटते आणि पोटात जाते. ती आरोग्यास वाईट. १ जुलै २०१९ पासून देशाच्या अन्न-नियमांनुसार वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई आहे. त्याऐवजी केळीचे पान, पळसाचे पान किंवा कोरा कागद घ्या.

गिऱ्हाइकाला सांगा, "डबा आणा, चार दाणे जास्त देतो." मी एका भेळवाल्याला हे करताना पाहिले आहे. त्याचा धंदा बुडाला नाही. त्याचा पिशव्यांचा खर्च वाचला.

लोणचे काचेच्या बरणीत द्या. रिकामी बरणी परत आणणाऱ्याला थोडे पैसे परत करा. सोडावॉटरच्या बाटलीचा हाच रिवाज होता.

पापड, मसाल्याला ओलीपासून जपावे लागते. तिथे प्लास्टिक लागलेच, तर एकाच जातीचे जाड प्लास्टिक घ्या. चंदेरी, अनेक थरांचे टाळा. जे वेष्टन भंगारवाला घेतो, ते त्यातल्या त्यात बरे.

कायदा काय सांगतो?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहर बुडाले, माणसे मेली. पाऊस प्रचंड होताच, पण पिशव्यांनी नाले तुंबल्यामुळे पाणी अधिक साचले. तेव्हापासून या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष अधिक गेले.

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकच्या हातपिशव्या आणि थर्माकोलची ताटे, पेले यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. पुढे १ जुलै २०२२ पासून साऱ्या देशात प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे, नळ्या अशा एकदाच वापरून टाकायच्या वस्तूंवर बंदी आली.

आमच्या गावाने चूक केली तेव्हा हे नियम आलेले नव्हते. पण कायदा नव्हता म्हणून गाय वाचली असे झाले नाही. आणि कायदा आहे म्हणून गाय वाचेल असेही नाही. बाजारात त्या पातळ पिशव्या अजून दिसतातच. आपण हात पुढे करतो, म्हणून दुकानदार देतो.

आमच्या गावाने काय केले?

मावशींची गाय गेल्यावर मी ग्रामसभेत उभा राहिलो. हिशेबाची वही दाखवली. म्हटले, "ही ताटे आणि पिशव्या मी आणल्या. चूक माझी आहे." सभेत कोणी काही बोलले नाही. मग मागून एक बाई म्हणाली, "गुरुजी, पुढल्या साली आमी ताटं धुतो."

त्या बाई बचत गटाच्या होत्या. गटाने आणि गावाने वर्गणी काढून स्टीलची ४०० ताटे, ४०० पेले घेतले. जेवणारी माणसे १,२००, मग ४०० ताटे कशी पुरली? तीन पंगती बसवल्या. एक पंगत उठली की ताटे धुऊन दुसरीला मांडली. आता ही ताटे लग्नाला, बारशाला भाड्याने जातात. ताटामागे २ रुपये गटाला मिळतात. भांडी धुणाऱ्यांना त्यातून मजुरी मिळते. पूर्वी जो पैसा उकिरड्यावर जात होता, तो आता गावातच राहतो.

उरलेले अन्न आम्ही पिशवीत बांधून देत नाही. ज्याने त्याने डबा आणावा. आणि एक सांगतो. उरलेला भात, बुंदी एकदम गाईपुढे ओतू नका. शिजलेले अन्न फार खाल्ले तर गाईचे पोट आंबते आणि ती दगावू शकते. थोडे द्यावे, बाकीचे खतात घालावे.

पहिल्या सप्ताहानंतर आम्ही वर्गणीतून मावशींना एक कालवड घेऊन दिली. पहिली गाय त्याने परत आली नाही. पण कालवड आता गाय झाली आहे आणि ओढ्याकाठी चरते. तिच्यासाठी म्हणून शाळेची पोरे दर शनिवारी ओढ्याकाठच्या पिशव्या वेचतात.

संत गाडगेबाबा गावोगाव हिंडले. हातात खराटा आणि जवळ एक मातीचे गाडगे. त्यातच ते जेवत. दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. १९५६ साली ते गेले. मातीचे गाडगे फुटले तर मातीत मिळते. आपण मातीला काय परत देतो ते पाहावे, म्हणजे झाले.

लक्षात ठेवा

१. वस्तू घेताना विचारा: खाऊन झाल्यावर हा पुडा कुठे जाईल?
२. बाजाराला जाताना कापडी पिशवी आणि डबा न्या.
३. अन्न भरलेल्या पिशवीला गाठ मारून ती कधीही बाहेर टाकू नका.
४. दुधाच्या पिशवीचा कोपरा तोडू नका. पिशवी धुऊन साठवा.
५. प्लास्टिक जाळू नका.

आपसांत चर्चा करा

१. तुमच्या गावच्या मागच्या मोठ्या जेवणात ताटे कशाची होती? ती आता कुठे आहेत?
२. तुमच्या घरातून एका आठवड्यात किती चंदेरी पाकिटे निघतात? मोजून पाहा.
३. तुमच्या गावात भाड्याने द्यायची ताटे घ्यायची झाली, तर किती लागतील? पंगतींचा हिशेब करून सांगा.